जूनमधली फी, ऑक्टोबरमधलं सोयाबीन आणि मधल्या काळात आजारी पडणारी मुलं

तासिकातत्त्व (धागाकर्ती)

पुण्यातल्या एका कॉलेजात मी शिकवते. आयडीवरून कळलंच असेल, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. गुरू-पालक योजनेत मुलांची एक तुकडीही माझ्या गळ्यात असते. महिन्यातून एकदा त्यांना बोलावून विचारपूस करायची आणि रजिस्टरमधले 'समस्या' व 'केलेली उपाययोजना' हे दोन रकाने भरायचे, नॅकवाले, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारे, आले की दाखवायला. मुलं हुशार असतात. 'समस्या : नाही' लिहितात, सही ठोकतात आणि सटकतात.

रजिस्टर गप्प असलं तरी वर्गात दिसायचं ते दिसतं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कुणीतरी पहिल्या बाकावर घेरी येऊन बसतं. कुणाचं पोट सतत दुखत असतं. कुणी तासाला पेंगतो, विचारलं तर 'मॅडम, रात्री झोपच लागत नाही'. पावसाळा आहे, व्हायरल असेल, असं म्हणून सोडून देता येतं. पण यातलीच बरीचशी मुलं दिवाळीनंतर बघावीत तर ठणठणीत.

सुट्टीत घरचं जेवण मिळतं हे एक कारण आहेच. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, पुस्तकं, सगळं जून ते ऑगस्टमध्ये एकदम अंगावर येतं. आमच्याकडची निम्मी मुलं ज्या घरांतून येतात, त्या घरांतला पैसा नेमका तेव्हा मातीत असतो. बियाणं, खत, फवारणी. सोयाबीन निघणार ऑक्टोबरात, कापूस त्याच्याही पुढे. स्कॉलरशिप वर्ष संपता संपता आली तरी लवकर आली म्हणायची.

कमी पैशात मुलं निभावून नेतात, हे मी पाहिलंय. पैसा कधी येणार याचाच पत्ता नसला की मात्र तब्येत ढासळते. माझ्या तुकडीतल्या एका मुलीचे वडील एमआयडीसीत हेल्पर आहेत. घरी चैन नाही, पण दहाला पगार होतो आणि बाराला हिच्या खात्यात पैसे पडतात. तिचं महिन्याचं गणित पक्कं. तिच्याच खोलीत पाच एकरवाल्या घरची मुलगी राहते, तिची ॲसिडिटी काही केल्या जात नाही.

विद्यार्थ्यांनी, पालकांनी, ऑफिसात काम केलेल्यांनी लिहावं. 'हल्लीची मुलं मोबाइलवर पैसे उडवतात' हा मुद्दा पहिल्याच प्रतिसादात येणार याची खात्री आहे. निदान दुसऱ्यात यावा, ही विनंती.


वरवंटा

पहिल्या प्रतिसादाचा मान सोडवत नाही.

माझे वडील पुण्यात वार लावून जेवले आणि शिकले. मी स्वतः सत्तरच्या दशकात विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहिलो. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था आजही उभी आहे, गरजू मुलांनी जरूर चौकशी करावी. सकाळी पेपर टाकायचे, दुपारी कॉलेज, संध्याकाळी वसतिगृहातलं काम. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' उगाच सांगितलं नव्हतं. टेन्शन-बिन्शन आम्हाला ठाऊक नव्हतं.

हल्ली एका हातात रिकामा डबा आणि दुसऱ्या हातात तीस हजारांचा फोन. आधी फोनचे हप्ते बंद करा, मग आरोग्यावर बोलू.


सोयाबीन_४८९२

वरवंटाकाका, नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातला, पुण्यात एमएस्सी करतो. माझा फोन तेरा हजारांचा, तोही बारावीला चांगले मार्क पडले म्हणून मामानं घेऊन दिलेला. हजेरीचा क्यूआर, नोट्स, स्कॉलरशिपचा ओटीपी सगळं त्याच्यावर येतं. फोन विकला तर वसतिगृहाला नंबर लागल्याचं कळणार कसं?

आता जेवणाचं सांगतो. कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, कॉटमागे तीन हजार. दोन वेळची मेस बत्तीसशे, एक वेळची अठराशे. जुलैत आमच्यातले तिघं एक वेळची लावतात. मग खोलीत मोठी चर्चा, दुपारची की रात्रीची? दुपारची लावली तर रात्री एकला पोटात आग पडते, झोप येत नाही. रात्रीची लावली तर दुपारच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट धरताना हात थरथरतो. मी रात्रीची लावतो. सकाळी मुद्दाम उशिरापर्यंत लोळायचं, म्हणजे नाश्त्याची वेळ टळते. अकराला चहा आणि पारले-जी. बघणाऱ्याला वाटतं पोरगं आळशी आहे.

रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. दुपारी जो तो दोन दिवसांचं जेवून घेतो आणि रात्री कुणीच 'भूक लागली' म्हणत नाही. बोललं की लागते.

आयडीचं विचारतात लोक म्हणून : ४,८९२ हा २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव. आमचा माल गेला चार हजारांच्या आतबाहेर, वर ओलावा जास्त आहे म्हणून आणखी कापले. २०२५-२६ ला ५,३२८ जाहीर झाला. तो आमच्या हातात पडला की आयडी बदलतो.

रविवारीच घरून फोन येतो. बाप विचारतो, 'पैसे लागतेत का?' मी म्हणतो, 'नाही, हैत.' मग दोघं थोडा वेळ पावसावर बोलतो. काका, तुम्हाला ठाऊक नव्हतं ते टेन्शन म्हणजे हे.


वरवंटा

हप्तेवाले वेगळे, तुला उद्देशून नव्हतं ते. पण माझा मुद्दा राहतोच, अडचणीतून शिकलेली माणसंच पुढे टिकतात. आणि बाबा रे, चहाऐवजी केळी खा.


डॉ_मात्रा

अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या गल्लीत माझा दवाखाना आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिणं भाग आहे.

'डॉक्टर, पाच नको, दोनच दिवसांच्या गोळ्या लिहा' म्हणणारा पेशंट रोज एखादा तरी असतो. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या जपून ठेवायच्या, पुढच्या तापासाठी किंवा रूममेटसाठी. अँटिबायोटिकचं अर्धवट औषध किती महागात पडतं हे मी सांगते, ते मान डोलावतात, आणि दोन दिवसांच्याच घेऊन जातात. रक्ततपासणी लिहिली की चिठ्ठी घडी करून खिशात जाते आणि मुलगा पुन्हा फिरकत नाही. दाढ किडली तर ती काढायची वेळ येईपर्यंत क्रोसिनवर काढतात.

एकदा रात्री दवाखाना बंद करताना एका मुलाला मित्रांनी धरून आणलं. छातीत कळ, हातपाय गार, श्वास पुरत नाही. ईसीजी काढला, अगदी स्वच्छ. शांत झाल्यावर विचारलं तेव्हा कळलं की फी भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती आणि घरून 'बघतो' एवढंच उत्तर आलं होतं. तुझं हृदय ठीक आहे, असं सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, 'ईसीजीचे किती झाले?'

मुलींचं वेगळं लिहायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे मुलगी घरूनच रक्त कमी घेऊन येते, आणि इथे एक वेळचं जेवण आणि दिवसभर चहा. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. खर्च वाचवायला एकच पॅड दिवसभर वापरणं, त्यातून होणारा संसर्ग, आणि लाजेपायी तो अंगावर काढणं, हेही मी बघते. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, मागून घ्या. मटकीला मोड आणायला खोलीत गॅस लागत नाही. भाजके चणे आणि गूळ कपाटात टिकतो. यानं प्रश्न सुटत नाही, घेरी तेवढी कमी येते.

वरवंटाजी, अडचणीतून शिकून जे वर आले ते आपल्याला दिसतात. जे मधेच गळाले ते इथे आयडी काढून प्रतिसाद देत नाहीत.


पोळीभाजी_केंद्र

मी मेस चालवते. भाचा टाइप करून देतोय.

खाडा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असेल. चार दिवस गावाला गेला तर तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते. आमच्याकडे सलग तीन दिवसांचा खाडा धरतात, नाहीतर धंदा परवडत नाही. जुलैमध्ये मुलं गावाला न जाता खाडा टाकतात. 'काकू, गावी चाललो' म्हणतात आणि संध्याकाळी गल्लीतच दिसतात. मी काही बोलत नाही. दिसला की हाक मारते, 'अरे, भाजी उरलीय, जा घेऊन.' उरलेली नसते.

उधारीची वही आहे. बुडवणारे थोडे. नोकरी लागल्यावर पेढे आणि मागची बाकी एकदम घेऊन आलेली मुलंसुद्धा आहेत. पण सिलिंडरवाला मला उधार देत नाही, हेही लिही म्हटलं भाच्याला.

पार्सल डबा एक आणि खाणारे दोघं, हे आता नेहमीचं झालंय. त्या डब्यात मी भात दाबून भरते.


बांधावरून

मुलगी संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. मी वाचणारा माणूस, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

८ जुलै २०२४ ला शासनाचा निर्णय निघाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती, खोटं कशाला बोलू. पण खोली, मेस, येणं-जाणं, लॅपटॉप आहेच. भावकीला वाटतं, पोरगी फुकट शिकते. त्यामुळे हातउसने मागायचीही सोय राहिली नाही.

धाग्यात सगळ्यांनी मुलं लपवतात असं लिहिलंय. लपवतो आम्हीपण. मागच्या वर्षी कांदा चाळीत होता, भाव नव्हता, आणि हिच्या खोलीचं भाडं थकलं होतं. बायकोची पोत बँकेत ठेवली आणि पोरीला सांगितलं, कांदा विकला. तिला चुलत भावाकडून कळलं. नंतर मेसवाल्या बाईंचा फोन आला, तुमची मुलगी आठवड्यापासून धड जेवत नाही.

त्यानंतर आम्ही वहीच मांडली. दिवाळीत घरी आली तेव्हा समोर बसवून दाखवलं, कुठल्या महिन्यात किती येतात, कुणाचे किती देणे आहेत, तुला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत एवढेच जमतील, त्यानंतर एवढे. रक्कम वाढली नाही. पण आता ती फोनवर भांडते तरी, 'पप्पा, दोन हजार कमी पाठवलेत.' आधी नुसती गप्प असायची, त्याची जास्त भीती वाटायची.


तासिकातत्त्व

बांधावरून, तुमची वही माझ्या गुरू-पालक रजिस्टरपेक्षा कितीतरी कामाची आहे.

पैशाच्या तारखांवरून एक अभ्यास आठवला. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तर्काच्या आणि लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या, एकदा तोडणीआधी हात तंग असताना आणि एकदा तोडणीनंतर पैसे आल्यावर. माणसं तीच, तोडणीआधीची कामगिरी खालावलेली. पैशाची काळजी डोक्यात जागा अडवून बसते, बाकीच्या विचाराला ती उरत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष. आमच्या पहिल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षा नेमक्या तोडणीआधीच्या काळात असतात!

आणि तारखेची गंमत बघा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला धनबाद आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये भरायचे होते. गावातून गोळा करेपर्यंत शेवटच्या दिवसाची शेवटची मिनिटं आली, पैसे भरता भरता पोर्टल बंद झालं आणि जागा गेली. पोरगं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३० सप्टेंबर २०२४ ला न्यायालयानं अनुच्छेद १४२ मधला, पूर्ण न्यायासाठीचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्याची बातमी झाली, ठीक. पण साडेसतरा हजारांसाठी त्या घरानं तीन महिने कसे काढले असतील?


बांधावरून

ऊसवाल्यांचं बरं आहे मॅडम, त्यांना कायद्यानं ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळतं. म्हणजे कायद्यात तसं लिहिलंय.


खिडकी_क्रमांक_३

कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या खिडकीवर उभं आयुष्य गेलं. आतल्या बाजूला. शिव्या सगळ्या आम्ही खाल्ल्या, म्हणून थोडं सांगतो.

पैसे अडकण्याचं एक फार साधं कारण म्हणजे आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असणं. थेट लाभाचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या बँकेशी सीड आहे, म्हणजे जोडलेलं आहे, तिथे जातात. पोरगं पासबुक घेऊन आमच्याशी भांडत असतं आणि पैसे सहावीत असताना काढलेल्या कुठल्यातरी खात्यात पडून असतात. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म भरण्याआधी बँकेत जाऊन सीडिंग तपासा. दुसरं, उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. नवा काढायला जूनमध्ये सेतूत गर्दी उसळते, म्हणून एप्रिलमध्येच काढून ठेवा.

अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत गेल्या काही वर्षांपासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यानं तो कॉलेजला भरायचा असतो. कागदावर छान दिसतं. ज्या घरात आजारपण आहे, उधारी आहे, तिथे चाळीस हजारांचा मेसेज आला की काय होतं? ते पैसे घरात जिरतात आणि कॉलेज मुलाच्या मागे लागतं. मग मुलगा ऑफिसकडे फिरकतच नाही, परीक्षेचा फॉर्मही भरत नाही. मुलगा लबाड असतो म्हणून हे होत नाही. तोंड दाखवायची लाज वाटते.

स्वाधार योजना बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत जेवण ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० धरलेले आहेत. इतर महापालिका शहरांत ५१,०००. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचे निकष वेगळे. दोन्हींत पैसे हप्त्यानं येतात आणि हप्ता कधी येईल हे मला खिडकीमागे बसूनही कधी सांगता आलं नाही. धागाकर्तीचा मुद्दा म्हणूनच पटला. मुलं खिडकीवर 'किती मिळणार' हे एकदाच विचारतात. 'कधी मिळणार' हे दर सोमवारी.

एक हक्काची गोष्ट. फी बाकी आहे म्हणून मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्येच तसं काढलंय. अडवली तर तोंडी भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की ऑफिस लगेच नीट बोलायला लागतं, आतल्या माणसाचा अनुभव आहे.


मेन्झा_कार्ड

जर्मनीत मास्टर्स करतेय, मूळची सोलापूरची. तासिकाताईंचा मुद्दा मला इथे उलट बाजूनं दिसला.

इथे येण्याआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. त्यातले दर महिन्याला ९९२ आपल्याला मिळतात, त्याच्या वर एक छदामही नाही. भाडं, सक्तीचा आरोग्य विमा आणि किराणा यात जेमतेम बसतं, आणि तरी पहिलं वर्ष माझी झोप शाबूत होती. पैसे किती आणि कधी, दोन्ही ठरलेलं. आजारी पडले तर विमा आहे, डॉक्टरकडे जाताना पाकिटात डोकवावं लागत नाही. विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, तीन-चार युरोत गरम जेवण मिळतं.

दुसऱ्या वर्षी अकाउंट संपलं आणि पार्ट टाइमवर आले. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण कुठल्या आठवड्यात किती शिफ्ट मिळतील ते रविवारी रात्री ॲपवर कळतं. तेव्हापासून रविवारी पोटात गोळा येतो. सोबतीला घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. बँकेनं हात वर केले म्हणून फायनान्स कंपनीचं घेतलं, साडेबारा टक्के. आई फोनवर 'जेवलीस का' विचारते आणि मी तिला मुलींसोबत काढलेला जुना पिझ्झ्याचा फोटो पाठवते.

विद्यापीठांच्या विद्यार्थी सेवा संस्थेकडे समुपदेशन फुकट असतं, मी गेले. त्यांनी पहिल्या भेटीत माझ्या मनाबद्दल काहीच विचारलं नाही. महिन्याचा खर्च लिहून काढायला लावला आणि आणीबाणीच्या मदतनिधीचा फॉर्म दिला. मला आवडलं ते.


वरवंटा

कर्जाचा विषय निघालाच आहे म्हणून. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली आहे. जामीनदार नको, तारण नको, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. माहिती घेत जा रे.


सोयाबीन_४८९२

घेतली काका. निवडक संस्थांसाठीच आहे, मंजूर झाली तेव्हा त्या ८६० होत्या. आमच्या मित्राचं कॉलेज त्यात नाही. तो साध्या शैक्षणिक कर्जासाठी गेला तर बापाचं पीककर्ज थकलेलं, सिबिल खराब, फाइल परत. आता तो रात्री डिलिव्हरी करतो आणि सकाळी पहिल्या तासाला झोपतो. तुम्ही म्हणता तो हप्त्याचा फोन आहे त्याच्याकडे. जुन्या फोनवर डिलिव्हरीचं ॲप चालत नव्हतं.


नाव_नको

हा आयडी याच प्रतिसादासाठी काढलाय.

परीक्षा फी भरायला आठ हजार कमी पडत होते. एका ॲपवर पाच मिनिटांत कर्ज मिळालं. हातात आले पाच हजार, फेडायचे आठ, तेही सात दिवसांत. ते फेडायला दुसरं ॲप. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या लोकांना मेसेज गेले, फोटो बदलून पाठवले. त्या काळात माझी पाळी तीन महिने आली नाही, केस मूठमूठ गळायचे, फोन वाजला की उलटी व्हायची. मरून जावं असं वाटायचं, हे आज लिहू शकतेय.

बाहेर काढलं ते वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी. त्यांनी दोन गोष्टी केल्या. माझा फोन स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला आणि मला घेऊन सायबर पोलिसांकडे गेल्या. घरी मीच सांगितलं, त्या शेजारी बसून होत्या. बाबा ओरडले नाहीत. आठ हजारांसाठी एवढं, असं म्हणून रडले.


डॉ_मात्रा

नाव_नको, लिहिलंस ते फार बरं केलंस. इथे वाचणाऱ्या इतर कुणाचं असंच चालू असेल तर : रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ पासूनच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बघायची परवानगीच नाही. जे ॲप ते मागतं त्याला घाबरून पैसे भरत बसू नका. तक्रारीसाठी १९३० वर फोन करा.

आणि जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६, टेली-मानस. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पैशाचं टेन्शन 'मानसिक' थोडंच आहे, असं म्हणून मुलं फोन करत नाहीत. करा. शेजारी रूममेट असेल तर त्यालाही सांगा, आजची रात्र एकट्यानं काढू नका.


वरवंटा

नाव_नको बाळ, काळजी घे.

समितीच्या माजी विद्यार्थ्यांचा आमचा एक गट आहे. परीक्षा फीसारख्या छोट्या, तातडीच्या रकमांसाठी काही करता येईल का, हे त्यांच्यापुढे मांडतो. बिनव्याजी, नोकरी लागल्यावर परत, या बोलीवर. फोनचे हप्ते मात्र नाही हं.


पोळीभाजी_केंद्र

दादा, गट झाला की कळवा. उधारीच्या वहीतली चार नावं मी देते, मुलं चांगली आहेत.


सोयाबीन_४८९२

एक शंका. रूममेटला डेंग्यू झाला, खासगी हॉस्पिटलनं आधी वीस हजार डिपॉझिट मागितलं, शेवटी ससूनला नेलं. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात असं ऐकलं. रेशनकार्ड गावचं असेल तर पुण्यात चालतं का?


खिडकी_क्रमांक_३

चालतं. राज्यातलं कुठलंही रेशनकार्ड आणि सोबत आधार. २०२४ पासून सगळ्या रंगांच्या कार्डांना लागू आहे. फक्त हॉस्पिटल योजनेच्या यादीत असावं लागतं, आणि दाखल व्हावं लागतं. ओपीडीच्या गोळ्या-औषधांना नाही. आत गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधायचं. यादी विचारायला १५५३८८ वर फोन कर. तातडीच्या केसमध्ये आधी दाखल करून घेतात, कागद नंतर दिले तरी चालतात, पण ते मागं लागून करून घ्यावं लागतं.

कार्डाचा फोटो आजच घरून मागवून चौघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि तुझं नाव ऑनलाइन नोंदीत आहे ना ते 'मेरा राशन' ॲपवर बघून घे. लग्न झालेल्या बहिणीचं नाव कमी करताना भावाचंही उडालेलं, अशी प्रकरणं मी खिडकीवर पाहिली आहेत.